‘पुरे’ या शब्दाचे दोन अर्थ : बाखच्या ‘इश हाबे गेनुग’ या कँटाटाचा चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : बरोक संगीत, लुथरन उपासना, कँटाटा, शिमोनाचे गीत, मरणचिंतन

प्रस्तावना :

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात साधारणपणे इ. स. १६०० ते १७५० हा कालखंड बरोक कालखंड म्हणून ओळखला जातो. या कालखंडात जर्मनीतील लुथरन चर्चमध्ये जे संगीतप्रकार विकसित झाले, त्यांमध्ये कँटाटा हा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. कँटाटा म्हणजे गायन व वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली अनेक खंडांची कृती होय. चर्चमधील कँटाटा ही त्या त्या रविवारच्या किंवा सणाच्या बायबलवाचनाशी बांधलेली असे. शुभवर्तमानाचे वाचन झाल्यानंतर आणि प्रवचन सुरू होण्यापूर्वी ती सादर होत असे. त्यामुळे तिला एक प्रकारे ‘गायिलेले प्रवचन’ असेच स्वरूप प्राप्त झाले होते.

योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हा मे १७२३ मध्ये लायप्झिग येथे सेंट थॉमस शाळेचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, म्हणून रुजू झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याने आठवड्यामागून आठवडे कँटाटा रचल्या. त्यांपैकी २ फेब्रुवारी १७२७ रोजी प्रथम सादर झालेली ‘इश हाबे गेनुग’ (बाखच्या कृतिसूचीतील क्रमांक ८२) ही कँटाटा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. एकच खर्जातील पुरुषस्वर, एक ओबो, तंतुवाद्ये आणि आधारस्वराची साथ एवढाच तिचा संभार आहे. तिला समूहगान नाही. तीन आरिया व त्यांच्या मधोमध दोन पठणसदृश गायनखंड (रेसिटेटिव्ह) अशी तिची पाच खंडांची रचना असून संपूर्ण सादरीकरणास सुमारे २२ ते २५ मिनिटे लागतात.

शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘माझ्याजवळ पुरेसे आहे’ असा होतो. मात्र आज ही कृती बहुतेक ठिकाणी मृत्यूचे गाणे म्हणून ऐकली जाते. जगाला विटलेल्या, सुटकेची वाट पाहणाऱ्या एका जिवाचा निरोप, असे तिचे वर्णन ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांपासून समीक्षालेखांपर्यंत सर्वत्र आढळते. हे वर्णन खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. ज्या सणासाठी ही कृती लिहिली गेली तो सण बाजूला ठेवला की तिचा अर्धा अर्थ गळून पडतो, आणि जो उरतो तो नेमका दुसऱ्या प्रतीचा अर्थ असतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

सणाची पार्श्वभूमी :

नाताळापासून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे २ फेब्रुवारीला, मरीयेच्या शुद्धीकरणाचा सण येतो. बाळंतपणानंतर ४० दिवसांनी स्त्रीने मंदिरात अर्पण आणावे असा यहुदी नियम होता. त्यानुसार मरीया व योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात आले, अशी कथा लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तेथे शिमोन नावाचा एक नीतिमान मनुष्य होता. ख्रिस्ताला पाहिल्याशिवाय तुला मरण येणार नाही, असे त्याला पवित्र आत्म्याकडून कळले होते. त्याने बाळाला हातांत घेतले आणि देवाचे स्तवन केले. प्रभूने आता आपल्या दासाला शांतीने जाऊ द्यावे, कारण आपल्या डोळ्यांनी तारण पाहिले आहे, असा त्या स्तवनाचा आशय आहे. (शिमोन वृद्ध होता असे लूक कोठेही सांगत नाही. त्याचे म्हातारपण ही चित्रकारांची व प्रवचनकारांची देणगी आहे.)

मार्टिन लुथरने मरीयेच्या अनेक सणांना फाटा दिला. परंतु ज्या सणांना बायबलचा आधार होता ते त्याने ख्रिस्ताचे सण म्हणून राखले. त्यात हा सण होता. कॅथलिक परंपरेत या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा आहे व गोवा-वसईकडील वाचकांना ती परिचित असेल. लुथरन प्रदेशात ही प्रथा मागे पडली आणि शिमोनाचे गीत हेच सणाचे केंद्र बनले. लुथरने १५२४ मध्ये या गीतावर आधारित एक स्तोत्र रचले. त्यात शिमोनाचे ‘शांतीने जाणे’ हे झोपेच्या प्रतिमेत उतरले असून मरण ही श्रद्धावंताची निद्रा आहे असा विचार त्यात येतो. पुढे १५४२ मध्ये लुथरने अंत्यविधीसाठी काढलेल्या गीतसंग्रहात हेच स्तोत्र समाविष्ट झाले. हाइनरिख श्युट्झने १६३६ मधील आपल्या ‘मुझिकालिशे एक्सेक्विएन’ या अंत्यविधी-संगीतात शिमोनाचे गीत योजले; बुक्स्टेहुडेने १६७४ मध्ये आपल्या वडिलांच्या अंत्यविधीसाठी लुथरच्या याच स्तोत्रावर रचना केली. तात्पर्य, बाळाचे मंदिरात येणे आणि माणसाचे जगातून जाणे या दोन गोष्टी लुथरन कानांना बाखच्या पूर्वी दोनशे वर्षे एकत्रच ऐकू येत होत्या. मृत्यूचा विषय या कँटाटात बाखने किंवा त्याच्या कवीने बाहेरून आणलेला नाही. तो सणातच होता.

पाठाचा कर्ता :

या कँटाटाचा पाठ कोणी लिहिला हे दीर्घकाळ अज्ञात होते. लायप्झिगच्या बाख-अर्काइव्हमधील संशोधक क्रिस्टिने ब्लांकेन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून क्रिस्टोफ बिर्कमान (१७०३–१७७१) हे नाव पुढे आले. न्यूरेंबर्गचा हा तरुण १७२४ ते १७२७ या काळात लायप्झिग विद्यापीठात शिकत होता. १७२८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्याने वर्षभराच्या कँटाटापाठांचा एक संग्रह छापला आणि त्यात या कँटाटाचा पाठ आढळतो. आता तो त्याचाच मानला जातो. म्हणजे जीवनाला पुरे म्हणणाऱ्या या शब्दांचा कर्ता त्या वेळी पंचविशीच्या आतला विद्यार्थी होता आणि त्यांना स्वर देणारा बाख ४१ वर्षांचा होता. बाखची तीन वर्षांची मुलगी क्रिस्टियाना सोफिया हेन्रिएटा जून १७२६ च्या अखेरीस मरण पावली होती, या घटनेशी कँटाटाचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. अठराव्या शतकातील चर्चसंगीतकाराच्या कामाचे स्वरूप पाहता हा मोह आवरणेच इष्ट. सण कॅलेंडरने ठरत होता, विषय शुभवर्तमानाने ठरत होता आणि पाठ दुसऱ्याचा होता.

‘गेनुग’ आणि ‘पुरे’ :

कँटाटाचा पहिला व कळीचा शब्द ‘गेनुग’ हा आहे. मराठी वाचकाला या शब्दाची अडचण होऊ नये, कारण मराठीतील ‘पुरे’ हा शब्द नेमका असाच दुहेरी आहे. पानात वाढलेले पाहून जेवणारा ‘पुरे’ म्हणतो तेव्हा त्यात तृप्ती असते; गांजलेला माणूस ‘पुरे झाले’ म्हणतो तेव्हा त्यात वीट असतो. पहिल्या अर्थाला मराठीत ‘भरून पावलो’ असा एक सुंदर प्रयोग आहे. या कँटाटाचा अनुवाद करणाऱ्याने शीर्षकापाशीच ‘भरून पावलो’ म्हणावे की ‘पुरे झाले’ म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता शब्दनिवडीचा, परंतु वस्तुतः संपूर्ण कृतीच्या अर्थाचा आहे.

लुथरच्या जर्मन बायबलमध्ये या दोन्ही अर्थांची उदाहरणे आहेत आणि ती बाखच्या श्रोत्यांना पाठ असावीत. उत्पत्तीच्या ४५ व्या अध्यायाच्या शेवटी, मेला असे समजलेला योसेफ जिवंत आहे हे ऐकून वृद्ध याकोब जे उद्गारतो, त्यात ‘इश हाबे गेनुग’ हेच शब्द येतात. मरण्यापूर्वी आपण जाऊन मुलाला पाहू, असे तो पुढे म्हणतो. म्हातारा बाप, परत मिळालेला मुलगा आणि मरणापूर्वीचे दर्शन हे तिन्ही घटक येथे आहेत. शिमोनाच्या तोंडी याकोबाचे शब्द घालणारा कवी धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता, हे लक्षात घेता हा योगायोग म्हणता येणार नाही. दुसरा ‘गेनुग’ एलीयाचा आहे. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात रानात झुडपाखाली बसून तो संदेष्टा देवाकडे मरण मागतो, तेव्हा ‘आता पुरे’ असा त्याचा हताश स्वर आहे. या दुसऱ्या अर्थाशी नाते सांगणारे एक स्तोत्र बाखने नोव्हेंबर १७२३ मधील ६० क्रमांकाच्या कँटाटाच्या शेवटी योजले होते (आल्बान बेर्गने १९३५ च्या आपल्या व्हायोलिन कन्चेर्टोत जे घेतले ते हेच).

प्रस्तुत कँटाटाचा पाठ याकोबाच्या अर्थाने सुरू होतो आणि एलीयाच्या अर्थाकडे सरकत जातो, असे त्याचे वाचन करता येते. पहिल्या आरियात तारणारा हातांत घेतल्याचे, त्याला पाहिल्याचे व हृदयाशी धरल्याचे समाधान आहे. मधल्या आरियाच्या अंतर्भागात या जगात आत्म्याला उपयोगी असे काही उरलेले नाही, येथे दुःखच रचावे लागते, असा सूर लागतो. शेवटच्या आरियात तर मरण आधीच येऊन गेले असते तर बरे, अशी घाई आहे. बाळ मागे पडले आणि वीट पुढे आला. पाठापुरते बोलायचे तर आजचे ‘मृत्यूचे गाणे’ हे वाचन निराधार नाही. प्रश्न आहे तो संगीताचा.

संगीताची बाजू :

पहिली आरिया सी मायनरमध्ये आहे. गायकाच्या आधी ओबो बोलतो. त्याची मूळ आकृती आपल्या स्वरनामांत सांगायची तर पंचमावरून थेट वरच्या कोमल गंधारावर झेपावणारी आणि तेथून पायरीपायरीने खाली येणारी आहे (येथे रागसंगीताशी साम्य सुचवावयाचे नाही, केवळ अंतर कळावे एवढाच हेतू). पुढे सुमारे दोन महिन्यांनी, ११ एप्रिल १७२७ च्या गुड फ्रायडेला सादर झालेल्या मानल्या जाणाऱ्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मधील पेत्राच्या पश्चात्तापानंतरची सुप्रसिद्ध आरिया अशाच उडीने सुरू होते. तेथे ही उडी दयेची याचना आहे. येथे तिचा अर्थ काय? पोहोचणे आणि मग सावकाश खाली ठेवणे, असा हा हावभाव आहे. आणि त्याच वेळी खाली तंतुवाद्यांमध्ये एक संथ झुलणारी आकृती सतत चालू असते. समाधानाचे शब्द, याचनेची उडी आणि झोके देणारी साथ अशा तीन गोष्टी बाख एकाच वेळी ऐकवितो. हातांत बाळ असल्याचे पाठ एकदाच सांगतो. साथ मात्र ते पूर्ण आरियाभर विसरू देत नाही.

त्यानंतरच्या रेसिटेटिव्हमध्ये एक छोटी जागा आहे. या माणसाबरोबर आपणही जाऊ या, अशा आशयाचे शब्द येताच मोकळे पठण थांबून तालबद्ध गायन सुरू होते आणि गायकाचा स्वर व आधारस्वर एकमेकांच्या मागोमाग तीच स्वरावली घेऊन चालतात. ‘मागे जाणे’ हे स्वरांत शब्दशः घडते. बरोक संगीतात असे शब्दचित्रण नवीन नाही, परंतु येथे त्याला कथनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. या क्षणापर्यंत गाणारा शिमोन होता. येथून पुढे गाणारा म्हणजे शिमोनाच्या मागून चालणारा कोणीही, म्हणजेच चर्चमध्ये बसलेला श्रोता आहे. सणाची गोष्ट या ठिकाणी संपते व ‘मी’ सुरू होतो.

मधली आरिया हा या कँटाटाचा गाभा आहे आणि तिच्याविषयी जरा विस्ताराने बोलणे आवश्यक आहे. थकलेल्या डोळ्यांना झोपी जाण्यास सांगणारे हे एक अंगाईगीत आहे. ते ई फ्लॅट मेजरमध्ये असून मूळ रूपात ओबो येथे बाजूला राहतो व केवळ तंतुवाद्ये वाजतात. आधारस्वर बराच वेळ षड्जावरच स्थिरावतो. सुरुवातीसच शुद्ध निषादाऐवजी कोमल निषाद डोकावतो आणि संगीत वर चढण्याऐवजी मध्यमाच्या दिशेने झुकते. डोळे मिटत आल्यासारखे. मध्येच लय थबकते. मुख्य चरण मध्यभागी व शेवटी पुनःपुन्हा परततो, जसे झोपविणारी आई एकच ओळ घोळवीत राहते.

येथे विचारावयास हवा असा प्रश्न हा की अंगाई कोणासाठी? प्रसंगात एकच तान्हे मूल आहे आणि ते शिमोनाच्या हातांत आहे. अंगाईवर हक्क त्याचा. परंतु शब्द पाहता गाणारा ती स्वतःच्याच डोळ्यांना म्हणत आहे. ज्या डोळ्यांनी पहिल्या आरियात तारण पाहिले तेच डोळे आता मिटावयाचे आहेत. म्हणजे धरणारा आणि धरलेला यांच्या जागा बदलल्या आहेत. ज्याने बाळाला हातांत घेतले तोच आता बाळासारखा झोपविला जात आहे. पाठाने मागे टाकलेले मूल संगीतात अशा रीतीने परत येते. लुथरच्या स्तोत्रातील मरण म्हणजे निद्रा ही प्रतिमाही येथेच फळास येते. ते स्तोत्र या कँटाटात कोठेही गायिले जात नाही, तरी त्याचा मुख्य विचार एका संपूर्ण आरियाचा आकार धारण करतो. आणि आरियाच्या अंतर्भागात जगाच्या दुःखाची तक्रार येते तेव्हाही अंगाई मोडत नाही. शब्द ‘पुरे झाले’ म्हणतात. स्वर ‘भरून पावलो’ हे सोडावयास तयार नाहीत. या विरोधातच या आरियाचे सामर्थ्य आहे, केवळ तिच्या गोडव्यात नाही. ज्या गायकांना ती केवळ गोड वाटते ते तिचा वेग इतका कमी करतात की थबकण्याच्या जागांना अर्थच उरत नाही. जे सदाच थांबलेले आहे ते थबकणार कसे?

दुसरा रेसिटेटिव्ह अगदी लहान आहे. परंतु त्यातील एक शब्द सणाच्या दृष्टीने मोलाचा आहे. शिमोनाचे गीत ‘आता’ या अर्थाच्या शब्दाने सुरू होते. लॅटिन परंपरेत तर त्या पहिल्या शब्दावरूनच ते ओळखले जाते. शिमोनाचा ‘आता’ हा विधानाचा आहे, वाट पाहणे संपल्याचा. कवीने हाच शब्द उचलून त्याचा प्रश्न केला आहे : तो सुंदर ‘आता’ येणार तरी केव्हा, असे गाणारा देवाला विचारतो. ज्याला पुरेसे मिळाले आहे तो ‘केव्हा’ असे विचारणार नाही. म्हणजे शिमोनाच्या मागून निघालेला ‘मी’ शिमोनापर्यंत पोहोचलेला नाही. कँटाटाच्या पाठातील हा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे आणि समीक्षकांनी त्याकडे द्यावे तेवढे लक्ष दिलेले दिसत नाही.

शेवटची आरिया मरणाच्या ओढीने आनंदित झाल्याचे सांगते. ती वेगवान आहे, नृत्याची लय तिच्यात आहे, ओबो परतला आहे आणि गायकाला लांबच लांब धावत्या ताना आहेत. मात्र स्वरक्षेत्र पुन्हा सी मायनर. आनंदाचे शब्द मायनरमध्ये का, याचे उत्तर ‘बाखला मृत्यूची भीती लपविता आली नाही’ असे देण्याची पद्धत आहे. ते फार सोपे उत्तर आहे. अठराव्या शतकात मायनर म्हणजे दुःख असा सरळ हिशेब नव्हता. बाखच्या वाद्यवृंद-सुटांमध्ये मायनरमधील नृत्ये आहेत व ती रडकी नाहीत. येथे मायनरमुळे आनंद खोटा ठरत नाही. तो अपूर्ण राहतो. मधल्या आरियात एकदा विसावा मिळाला होता. आता पुन्हा चालणे आले, आणि तेही घाईने. तथापि एवढे मान्य केले पाहिजे की या आरियाचा पाठ तिन्हींमध्ये सर्वांत उथळ आहे. शिमोनाने जाण्याची परवानगी मागितली होती. येथे केवळ अधीरता आहे. बाखने त्या अधीरतेला गती दिली, खोली दिली नाही. हा निर्णय त्याचा स्वतःचा की पाठाने लादलेला, हे ठरविता येत नाही.

इतर दोन कँटाटांच्या संदर्भात :

याच सणासाठी बाखने पूर्वी लिहिलेल्या दोन कँटाटा पाहिल्या म्हणजे ८२ क्रमांकाचे वेगळेपण ठळक होते. १७२४ मधील ८३ क्रमांकाच्या कँटाटात शिंगवाद्यांचा थाट असून शिमोनाचे प्रत्यक्ष शब्द जुन्या चर्चपठणाच्या चालीवर खर्जातील गायक गातो. १७२५ मधील १२५ क्रमांकाची कँटाटा लुथरच्या स्तोत्रावरच उभारलेली आहे. शिमोनाच्या गीताचा उत्तरार्ध सर्व राष्ट्रांना मिळणाऱ्या प्रकाशाविषयी आहे आणि १२५ मध्ये अखिल पृथ्वी व्यापणाऱ्या प्रकाशावर एक भरदार युगलगीत आहे. १७२७ च्या कँटाटात यांतले काहीही नाही. बायबलचा उतारा नाही, स्तोत्र नाही, राष्ट्रे नाहीत, प्रकाशही नाही. शेवटी सर्वांनी ओळखावे असे कोरालही नाही. ऑक्टोबर १७२६ मधील ५६ क्रमांकाची कँटाटा ही याच खर्जस्वरासाठी, मृत्यूच्याच विषयावर व बहुधा बिर्कमानच्याच पाठावर आहे. ती एकट्याने सुरू होते, परंतु मंडळीच्या स्तोत्राने संपते. तेथे एकट्याला सोबत मिळते. ८२ मध्ये ती मिळत नाही.

हे या कृतीचे सामर्थ्य मानावे की उणीव? लुथरन उपासनेच्या दृष्टीने उणीवच म्हणावी लागेल. मंडळीच्या आवाजाविना सणाची कँटाटा संपणे हे तिच्या सामाजिक बाजूचे नुकसान आहे. शिमोन एकटा नव्हता; मंदिर होते, आईबाप होते, आणि त्याचे गीत लोकांसाठी होते. परंतु या आकुंचनामुळेच ही कँटाटा चर्चच्या भिंतींबाहेर जाऊ शकली, हेही तितकेच खरे.

सणाबाहेरचा प्रवास :

तिला बाहेर नेण्याची सुरुवात स्वतः बाखनेच केली. १७३१ मध्ये त्याने ती ई मायनरमध्ये उंच स्वरासाठी व ओबोऐवजी बासरीसाठी मांडली. पुढे मधल्या स्वरासाठी आणि १७४० च्या दशकात पुन्हा खर्जासाठी. लायप्झिगच्या चर्चमध्ये स्त्रिया गात नसत, त्यामुळे १७३१ मध्ये हे म्हाताऱ्याचे गाणे एखाद्या मुलाने गायिले असण्याची शक्यता आहे. आजच्या श्रोत्याला हे विचित्र वाटेल, कारण आज गायकाने भूमिका ‘जगावी’ अशी अपेक्षा असते. चर्चमध्ये तशी अपेक्षा नव्हती. शिमोनाच्या मागून कोणीही चालू शकत होते.

याहून अधिक बोलका पुरावा घरातला आहे. बाखची दुसरी पत्नी आना माग्डालेना हिच्या १७२५ मध्ये सुरू झालेल्या संगीतवहीत पहिला रेसिटेटिव्ह आणि अंगाईची आरिया उतरवून घेतलेली आहे. एका स्वराने, एका वाद्याच्या साथीने गाता येईल असे हे साधे रूप आहे. घरात लहान मुले होती, त्यांतील काही जगत होती व काही दगावत होती. अशा घरात ही अंगाई कोणत्या अर्थाने गायिली जात असेल, हे वहीत लिहिलेले नाही. मात्र तिने शेवटची आरिया उतरवून घेतली नाही, ही निवड लक्षणीय आहे. रेसिटेटिव्हमध्ये शिमोन आहे, आरियात झोप आहे. मरणाची घाई मात्र वहीत आलेली नाही.

विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणामुळे ही कँटाटा मोठ्या खर्जगायकांची कसोटी बनली. हान्स हॉटरचे १९५० चे आणि डीट्रिश फिशर-डीस्काऊचे १९५१ चे ध्वनिमुद्रण हे त्यातील टप्पे होत. त्यानंतरचा सर्वाधिक गाजलेला प्रयोग म्हणजे २००१ मधील पीटर सेलार्स दिग्दर्शित रंगमंचीय रूप. त्यात लॉरेन हंट लीबरसन ही गायिका रुग्णालयाच्या झग्यात, शरीराला नळ्या जोडलेल्या रुग्णाच्या रूपात ही कँटाटा गात असे. ही गायिका २००६ मध्ये कर्करोगाने वारली आणि त्यामुळे त्या प्रयोगाभोवती एक करुण वलय निर्माण झाले. तिचे गायन असामान्य आहे, विशेषतः अंगाईत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे ध्वनिमुद्रण आजही त्याची साक्ष देते. परंतु त्या मंचरचनेविषयी आदराने मतभेद नोंदविणे भाग आहे. रुग्णालयातील रुग्णाच्या तोंडी ‘गेनुग’ येताच त्याचा एकच अर्थ उरतो, आणि तो एलीयाचा. सोसणे संपावे ही मागणी मानवी आहे, समजण्याजोगी आहे. तथापि तिच्यासाठी काहीही मिळालेले असण्याची गरज नसते. शिमोन जाऊ इच्छितो तो यातना असह्य झाल्या म्हणून नव्हे. हातांत जे यावयाचे होते ते आले म्हणून तो जाऊ इच्छितो. रुग्णाचे हात तेथे रिकामे आहेत, आणि पहिल्या आरियातील झोके मग कशाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

यावर असे म्हणता येईल की श्रद्धा नसलेल्या श्रोत्याला बाळ दिसणार नाहीच. त्याने काय करावे? आक्षेप रास्त आहे. परंतु कोरालविरहित असूनही ही कँटाटा ऐकणाऱ्याला काहीतरी ठाऊक असल्याचे गृहीत धरते. लायप्झिगमध्ये श्रोत्यांच्या हाती छापील पाठपुस्तिका असत आणि थोड्याच वेळापूर्वी शिमोनाची कथा मोठ्याने वाचली गेलेली असे. पहिल्या ओबोस्वरापूर्वीच बाळ तेथे आलेले असे, म्हणून पाठाला त्याचे वर्णन करावे लागले नाही. सभागृहात हे पूर्ववाचन नसते. कार्यक्रमपत्रिकेत लूकचे ते दहा-अकरा चरण छापले तरी बराच फरक पडेल, आणि त्यासाठी कोणाच्याही श्रद्धेची अट नाही.

सभागृहात शेवटच्या आरियानंतर टाळ्या होतात. २ फेब्रुवारी १७२७ रोजी तसे काही झाले नसणार. धावत्या तानांची ती सी मायनरमधली आरिया संपली, वाद्ये खाली ठेवली गेली, आणि प्रवचनकार सुमारे तासभर त्याच कथेवर बोलण्यासाठी व्यासपीठावर चढला.